उशाशी कान

"काढला का?" बेबीआत्याने विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. उत्तर मिळाल्याशिवाय खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

"काढला, आत्या. हा बघा." निरंजनने उशीजवळच्या स्टँडवरून माइक सोडवला, वायर गुंडाळली आणि माइक माझ्या तळहातावर ठेवला. वाटाण्याएवढा, काळा. "शाल्मली, तुझ्याकडेच ठेव. म्हणजे यांची खात्री पटेल."

"आता खोलीत ऐकणारं कुणी नाही?" हे तिने त्याला नाही, मला विचारलं.

"कुणी नाही, आत्या," मी म्हणाले.

मग ती आत आली आणि ट्रे टेबलावर ठेवला.

बेबीआत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. लग्न केलं नाही. महामार्गाला लागून तिसऱ्या मजल्यावर तिचं छोटं घर होतं. तिने ते घेतलं तेव्हा खिडकीतून द्राक्षांचे मांडव दिसायचे. पुढे उड्डाणपूल झाला, आणि ट्रक थेट तिच्या उशाच्या उंचीवरून जायला लागले. खिडकी लावून घ्यावी तर तिला दमा. बंद खोलीत तिचा जीव घाबरा व्हायचा. उघडी ठेवावी तर झोप नाही. आमच्या लॅबला प्रयोगासाठी खरोखरीचं घर हवं होतं, तेव्हा मीच तिचं नाव सुचवलं. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम. एस्सी. होऊन त्या प्रकल्पावर सहायक म्हणून लागले होते. निरंजन तिथे पीएच.डी. करत होता. लॅबमधलं मला जे काही येत होतं, ते त्याने शिकवलेलं होतं.

आत्याची अट एकच होती. मोजणीचा आठवडा संपला की खोलीत माइक राहणार नाही.

"अगं, मी ज्या खुर्चीवर बसायचे ना, तिथे अख्खा जिल्हा कानात होता," तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "जमिनीचे तंटे, मोडलेली लग्नं, सगळं. पण लाइन लागली की खटका वर करायचा. ऐकत बसायचं नाही. एकीने ऐकलं होतं एकदा. नोकरी राहिली तिची, पण आम्ही तिच्याशेजारी डबा खायचं सोडलं."

त्या दिवशी तिने निरंजनला चहा दिला आणि खिडकीकडे बोट केलं. चौकटीत चारी बाजूंनी छोटे स्पीकर बसवले होते. "माइक काढलास. मग मला काय ऐकू येतंय, ते या खिडकीला कसं कळणार?"

"आठवडाभर दोन माइक ऐकत होते, आत्या. एक चौकटीत बाहेर रस्त्याकडे तोंड केलेला, एक उशीजवळचा. ट्रक गेला की चौकटीत आवाज एवढा, उशीशी तेवढा. ते नातं मशीनने पाठ केलं. आता चौकटीत काय आलं ते ऐकून, उशीशी काय पोचेल ते ती हिशेबाने काढते. आणि त्याच्या बरोबर उलटा आवाज सोडते. दोन्ही तुमच्या कानाशी भेटतात आणि मिटतात."

"म्हणजे अंदाजपंचे."

"शिकलेला अंदाज. आम्ही त्याला आभासी माइक म्हणतो. माइक नाही, पण असल्यासारखा."

"आणि मी उशी हलवली तर?"

निरंजन हसला. "तर बिचारीला कळणारच नाही. ती जुन्याच जागी शांतता पाठवत बसेल."

"मनीऑर्डरसारखं. माणूस घर सोडून गेला तरी पोस्टमन जुन्याच दारात." आत्याने पलंगाकडे पाहिलं. आम्ही तो खिडकीच्या भिंतीला डोकं लागेल असा लावला होता. "पण हे डोकं उत्तरेला झालं की रे."

"पुढच्या गुरुवारपर्यंतच. पैसे देणाऱ्या संस्थेचे लोक पाहून गेले की फिरवा."

"दक्षिणेला पाय म्हणजे यमाच्या दारात पाय. तुझी संस्था येणार आहे का मला सोडवायला?"

"मी येईन ना."

"तू कसला येतोस. बरं, राहू दे." तिने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजायला आले होते. "चला, तीन मिनिटं झाली."

हे तिचं ठरलेलं वाक्य. ट्रंक कॉलच्या काळात तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्येच येऊन असं सांगायची. आत्या ते पाहुण्यांना घालवायला वापरायची, हसत हसत. दुपारी तीनच्या आधी मात्र हमखास. त्या वेळी ती पडते, अशी आमच्या घरात समजूत होती.

जिना उतरताना मी निरंजनला म्हणाले, "तिला दम लागतो रे. एकटीच असते. कधी जास्त झालं तर कळायला हवं कुणाला तरी."

"मग ठेवू का माइक?"

"नको. शब्द दिलाय मी."

"गंमत केली गं," तो म्हणाला आणि हेल्मेट चढवलं.

पुढचे दिवस लॅबमध्ये सणासारखे गेले. स्क्रीनवर खिडकीचे आकडे येत होते आणि ते आमच्या अपेक्षेपेक्षा चांगले होते. आमच्या मार्गदर्शक मॅडम येता-जाता थांबून पाहायच्या. आभासी माइकची एक खोड असते. वारा फिरला, पडदा सरकला, ऊन तापलं, की पाठ केलेलं नातं थोडं बिघडतं आणि अंदाज हळूहळू घसरतो. आमचा अंदाज घसरत नव्हता. मी निरंजनला विचारलं तर तो म्हणाला, "आपण चांगलं शिकवलंय. कधीतरी चांगलंही होतं, शाल्मली. सवय कर."

मंगळवारी दुपारी मी हातातला आवाजाचा मीटर घेऊन आत्याकडे गेले. गुरुवारी पाहुणे येण्याआधी एकदा स्वतः मोजून पाहावं, एवढाच हेतू होता.

खोलीत शिरले आणि थबकले. पलंग फिरलेला होता. उशी आता आतल्या भिंतीशी, खिडकीपासून लांबच्या टोकाला होती.

"आत्या, हे कधी?"

"तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी. वॉचमनला बोलावलं आणि फिरवून घेतला. त्याला सांगू नकोस हं, पोरगा हिरमुसेल." ती कणीक मळत होती, तिथूनच बोलली. "नुसती उशी या बाजूला घेऊन पाहिली आधी. पण माझं सगळं त्या फळीवर असतं, रात्रीबेरात्री हाताला लागायला हवं."

पलंगाच्या डोक्याला एक लाकडी फळी होती. तिच्यावर तिचा इनहेलर, चष्मा, फोन आणि त्या दिवशीचा पेपर होता.

मला आत्याचा राग आला नाही, हसू आलं. प्रयोगाचे पाच दिवस उत्तर-दक्षिणेत गेले होते. मशीन बिचारी जुन्या जागी शांतता पाठवत बसली असणार. तेवढं तरी मोजून घ्यावं म्हणून मी खिडकीखाली, जिथे आधी उशी होती तिथे जमिनीवर बसले आणि मीटर कानाच्या उंचीवर धरला. पुलावरून ट्रक आला. पूर्ण आवाजानिशी आला, छातीत घुमला आणि गेला. मीटरचा आकडा खिडकी साधी असल्यासारखा.

हे बरोबर नव्हतं. इथे शांतता असायला हवी होती.

मी उठून पलंगावर आडवी झाले आणि डोकं आत्याच्या उशीवर टेकलं. पुढचा ट्रक आला तो दूरच्या रस्त्यावरून गेल्यासारखा. मीटर पाहिला. तिसऱ्या ट्रकला पुन्हा पाहिला. शांतता उशीपाशी होती. पलंग फिरला, तशी तीही फिरली होती.

पहिल्या क्षणी मला आनंदच झाला, हे सांगायला हवं. जगात कुणाला जमलं नाही ते आपल्या मशीनला आपोआप जमलं, असं त्या क्षणी वाटून गेलं.

"झोप कशी लागते, आत्या?"

"छान लागते. फिरवला त्या रात्री खडखडाट होता. मग सकाळी तुझी खिडकी जरा फुस्स झाली आणि सगळं नीट झालं."

"फुस्स?"

"कुकर सुटल्यासारखी. बारीक. रोज सकाळी करते की."

मी उशीवरून डोकं उचललं. तो फुस्स आवाज मला ओळखीचा होता. नातं पुन्हा शिकायचं असलं की आम्ही स्पीकरमधून तो सोडतो, आणि कानापाशी तो कसा पोचतो ते मोजतो. म्हणजे तो ऐकायला कानापाशी काहीतरी लागतं. ऐकणारं कुणी नसलं तर फुस्स करायचं कारणच नाही.

मी फळीखाली हात घातला. फळीच्या आतल्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी डबी काळ्या पट्टीने चिकटवली होती. डबीच्या टोकाला वाटाण्याएवढा माइक होता. माझ्या ड्रॉवरमध्ये होता तसाच, त्याचा जुळा.

पट्टी ओढली तेव्हा आवाज झाला. आत्या हात पुसत आली.

"काय पडलं?"

"काही नाही, मीटर." डबी माझ्या पर्समध्ये गेली होती.

"बरं, तीन मिनिटं झाली, शालू." ती हसत होती. घड्याळात तीनला थोडा वेळ होता.

तेव्हाच सांगायचं, असं मी नंतर हजारदा मनात म्हटलं. पण आम्हाला शिकवलेलंच असं, की खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही. डबीतली बॅटरी कदाचित पहिल्याच दिवशी संपली असेल. काढायची विसरली असेल. एका मापावर निष्कर्ष काढत नाहीत. मी चपला घातल्या आणि लॅबवर गेले.

मशीनवर शोधायला वेळ लागला नाही. रोजची एक फाइल होती, पूर्ण आवाजाची. मी हेडफोन लावला नाही. त्याची गरजही नव्हती. आवाजाची रेघ पाहायची सवय झाली की ट्रक कुठला आणि बोलणं कुठलं हे डोळ्यांना कळतं. ट्रकचे लठ्ठ फुगवटे दिवसभर होते. आणि रोज तीनच्या पुढे, फुगवट्यांच्या मधे, बोलण्याचं बारीक गवत उगवलेलं होतं. पुष्कळ वेळ चाललेलं.

निरंजन समोसे घेऊन आला. मी डबी टेबलावर ठेवली. त्याने आधी दार लोटलं, मग खुर्ची ओढली.

"कुठे मिळाली, असं तरी विचार," मी म्हणाले.

"कुठे होती ते मला माहीत आहे."

"माझ्या हातावर माइक ठेवलास. तिच्यासमोर."

"तो काढलाच होता ना. त्यात खोटं काय?"

"निरंजन."

"ऐक. माइक काढल्यावर तासाभरात अंदाज घसरायला लागला असता. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. गुरुवारी काय दाखवायचं होतं? घसरलेला अंदाज? प्रकल्प बंद झाला तर तुझी आत्या परत त्या ट्रकांखाली झोपणार. मी तिला झोप दिली. तिला विचार, झोप लागते की नाही."

"माइक नसताना आलेले आकडे म्हणून तू हे दाखवणार होतास."

"गुरुवार होऊ दे. मग मी स्वतः काढतो. कुणी ऐकत नव्हतं गं. आकडे पाहिले फक्त. मशीन ऐकते, माणूस नाही."

"सगळा आवाज साठवला आहेस."

"साठवला म्हणजे ऐकला नाही." मग त्याचा स्वर मऊ झाला. माझी समजूत काढताना तो नेहमी असाच बोलायचा. "आणि ऐकलं असतं तरी काय आहे त्यात? इतकं गोड आहे. त्या शिरसाटांना दिसत नाही म्हणून आत्या त्यांना रोज फोनवर पेपर वाचून दाखवतात. छोट्या जाहिरातींसकट. तुझ्या आत्याबद्दल मला उलट आदरच—"

तो थांबला. कुठे थांबायला हवं होतं, ते त्यालाही तेव्हा कळलं.

शिरसाट हे नाव मी तोवर ऐकलेलं नव्हतं. आमच्या घरात कुणीच ऐकलेलं नव्हतं. बाबा तर परक्या पुरुषाशी रोज बोलते एवढ्यावरून बहिणीशी वर्षभर अबोला धरतील असे. तिने हे सगळ्यांपासून जपलं होतं. आणि ते लॅबच्या मशीनवर, तारीखवार लावलेलं होतं.

"मी मॅडमना सांगणार आहे," मी म्हणाले. "आणि मग आत्याला."

"सांग," तो म्हणाला. समोसे तसेच राहिले.

मॅडम मीटिंगमध्ये होत्या. मी त्यांच्या दाराबाहेर बाकावर बसून राहिले. वाक्यं जुळवली, कुठल्या क्रमाने सांगायचं ते ठरवलं. त्या बाहेर आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याला बोलाव." मी जाऊन पाहिलं. निरंजन जागेवर नव्हता. खिळ्यावर हेल्मेटही नव्हतं.

तेव्हाही मला वाटलं, चहाला गेला असेल.

आत्याकडे पोचले तेव्हा दिवस अजून होता. तिने दार उघडलं आणि बाजूला झाली. खोलीत पंखा फुल्ल लावलेला होता, तरी हवा कोंदलेली. ती खिडकी मी त्या घरात पहिल्यांदाच बंद पाहिली. टेबलावर दोन कप होते, दोन्ही रिकामे.

"निरंजन येऊन गेला," ती म्हणाली. बोलताना श्वासाला शीळ येत होती. "पाया पडला. म्हणाला, माइक मी ठेवला, चूक माझी. रडायचाच बाकी होता."

"आत्या, खिडकी उघडते आधी."

"राहू दे." ती पलंगावर बसली. इनहेलर हातातच होता. "म्हणाला, मी ठेवणार नव्हतो. पण शाल्मलीला तुमच्या दम्याची काळजी. तीच म्हणाली, कधी जास्त झालं तर कळायला हवं कुणाला तरी."

खिडकीकडे नेलेला हात मी मागे घेतला.

"एवढंच सांग. हे वाक्य तुझं आहे?"

"आहे. पण आत्या, मी पुढे—"

"तुझंच आहे. त्याच्या तोंडून आलं तरी मला कळलं. सगळी नोकरी माणसं बोलण्यावरून ओळखण्यात गेली माझी. 'कुणाला तरी' असं शेवटी तूच लावतेस."

"पुढे मी नको म्हणाले होते. तो म्हणाला, ठेवू का, आणि मी म्हणाले, नको, शब्द दिलाय. जिन्यातच. तू त्याला विचार, मी त्याला समोर—"

"तिथे तिसरं कुणी होतं?"

"नाही."

तिने मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा नंबर पुन्हा पुन्हा फिरवूनही लागत नाही, तेव्हा जसं आपण पाहतो, तशी ती माझ्याकडे पाहत होती. माझी बाजू तिला धरायची होती. तेवढं मला दिसत होतं.

"दुपारी तुझ्या हातात ती डबी होती, हेही त्यानेच सांगितलं," ती म्हणाली. "मी विचारलं, काय पडलं."

"मला आधी खात्री करायची होती."

"झाली?"

"झाली. आत्या, मी एक अक्षरही ऐकलेलं नाही. हेडफोन लावलाच नाही मी. सगळ्या फाइली पुसायला लावते, मॅडमना सांगितलंय. आणि शिरसाटांचं मी बाबांना काय, कुणालाच—"

पंखा फिरत होता. बंद काचेपलीकडून ट्रक गेला आणि फळीवरचा चष्मा बारीक थरथरला.

"हे नाव मी तुला कधी सांगितलं?" आत्याने विचारलं.

निरंजनने सांगितलं, हे खरं उत्तर होतं. दुपारी याच एका नावावरून मी त्याला पकडलं होतं, आणि त्या पुराव्यात मला काहीही कमी वाटलं नव्हतं.

"त्याच्याकडून कळलं," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली. उठली. दोन्ही कप उचलून ट्रेमध्ये ठेवले. चौकटीतले स्पीकर तसेच होते, त्यांच्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता. बंद खिडकीच्या आत ते कुणासाठी कोण जाणे, हिशेब करत होते. तिने मला त्यांचं बटण विचारलं. मी दाखवलं. तिने ते स्वतः बंद केलं.

मग ती दारापर्यंत आली आणि कडी काढली.

"तीन मिनिटं झाली, शालू."

या वेळी ती हसली नाही.

मी जिना उतरले आणि पुलाखाली, समोरच्या फुटपाथवर उभी राहून वर पाहत राहिले. उद्या तीनला वर फोन वाजेल. ती उचलेल, पेपर उघडेल. किंवा नाहीही. खिडकी बंद होती.